दार वाजवणारं माणूस

३ मार्च, मंगळवार

आंघोळ केली! केसांवरून!

लगेच फोनवरच्या गटावर हजेरी टाकली. खाली पटापट आलं — "दिसलं", "दिसलं", "दिसलं". आमच्याकडे एवढंच म्हणायचं असतं. "वा", "शाब्बास", "किती छान" यांना बंदी. सिस्टर — म्हणजे हा गट चालवणारी निवृत्त नर्स — मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आज वा म्हटलं आणि उद्या नाही उठलीस, तर काय अरेरे म्हणायचं? केलंस ते दिसलं. बास." सल्ले द्यायचे नाहीत. सूर्योदय, फुलं, सुविचार असलं काही टाकणाऱ्याला ती सरळ हाकलते. सकाळी प्रत्येकाने एक ओळ लिहायची, काय जमलं त्याची. काहीच जमलं नसेल तर "नाही" लिहायचं. त्यालाही "दिसलं" येतं.

इथे कुणी खऱ्या नावाने नाही. कुणी तवा, कुणी माठ, कुणी उशी. मी अक्कलदाढ. दिवसभर कवळ्यांमध्ये दात बसवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार!

दादाला कळलं की चाळिशी ओलांडलेली आपली बहीण आंघोळ केल्याचं अनोळखी लोकांना कळवते, तर तो मला वेड्यात काढेल. काढू दे. अर्धं काम डॉक्टरांच्या गोळ्यांनी केलं आणि उरलेलं या लोकांनी. हे तोंडाने कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

४ मार्च, बुधवार

उठले. कामावर गेले. आले.

६ मार्च, शुक्रवार

एका आजोबांच्या खालच्या कवळीने जीव खाल्ला. जबडा इतका झिजलेला की दात बसवायचे कशावर! मेण गरम केलं, बसवले, काढले, परत बसवले. मालक दोनदा डोकावून गेले. ते पुढच्या खोलीत बसतात, फोनवर दातांच्या डॉक्टरांशी गोड बोलतात आणि मग आत येऊन आमच्याशी कडू.

मागे पॉलिशचं यंत्र, त्यावर काका. त्या घरघरीत सगळं आयुष्य गेलंय त्यांचं, त्यामुळे "चहा घेतेस का" हेसुद्धा भांडायला उठल्यासारखं विचारतात. बाकी बोलणं नाही. माझ्याबद्दल दोघांनाही काही माहीत नाही. हिवाळ्यातली माझी मोठी रजा त्यांच्या लेखी पाठीच्या दुखण्याची. पाठ म्हटलं की लोक खुर्ची आणून देतात. खरं सांगितलं असतं तर आपापली खुर्ची लांब सरकवली असती. काका अजूनही मला जड डबे उचलू देत नाहीत आणि मला दर वेळी चोरट्यासारखं होतं.

हजेरीत लिहिलं — "आजोबांना दात आले." माठने "दिसले" लिहिलं. नियमात बसतं का कोण जाणे! हसू आलं खरं.

८ मार्च, रविवार

तवा गेला.

रोज "चहा केला, स्वतःच केला" एवढंच लिहायचा. गुरुवारी हजेरी नाही. शुक्रवारी नाही. आम्ही सगळे लिहीत बसलो — तवा, उठलास का? तवा, "नाही" तरी लिही. तवा, नुसतं टिंब दे. त्याचा फोन लागायचा, वाजून वाजून थांबायचा. तो कुठल्या गावात राहतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. काल सगळा दिवस मी मेणाने बरबटलेल्या हातांनी दर थोड्या वेळाने फोन बघत होते.

आज त्याच्या भाच्याने तो फोन उघडला. आमचं सगळं वाचलं असणार. गटावर लिहिलं — "मामा गुरुवारीच गेले. घरात एकटेच होते. तुम्ही लोक कोण?"

आम्ही कोण?

संध्याकाळी सिस्टरचा आवाज आला. पहिल्यांदाच बोलून पाठवलं तिने. घोगरा, दमलेला आवाज. म्हणाली, "आपण काचेवर टकटक करत बसलो, लेकरांनो. त्याचं दार वाजवायला हातापायाचं माणूस पाहिजे होतं. ते आपल्यात कुणी नव्हतं. आता पुढे असं चालणार नाही."

उद्यापासून जोड्या. आपल्या जोडीदाराकडे एक नंबर देऊन ठेवायचा — चालत येऊन आपलं दार वाजवू शकेल अशा एका जिवंत माणसाचा. दुपारपर्यंत हजेरी दिसली नाही, फोनही उचलला नाही, तर जोडीदाराने त्या माणसाला कळवायचं. नंबर न देणाऱ्याला गट बंद.

दादाचा नेहमीचा रविवारचा फोन आला होता. मी "मजेत" म्हटलं. वहिनीने मागून ओरडून सांगितलं, "तिला म्हणावं जरा माणसांत मिसळ!" काय बोलणार? तव्याचं कुणापाशी रडू? ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी रडतेय म्हणून कसं सांगायचं? रडले मात्र खूप.

१० मार्च, मंगळवार

माझी जोडी उशीशी लागली. बरं झालं. तिचं लिहिणं मला आवडतं. तिने नाव का असं घेतलं विचारलं होतं, तर म्हणाली, "जिथे राहते तो पत्ता लिहिला."

आता नंबर कुणाचा द्यायचा?

दादा? दादा येईल, धावत येईल. पण एकटा येणार नाही. वहिनी, वहिनीची बहीण, तिच्या ओळखीतला कुणी श्वास शिकवणारा — अख्खी वरात दारात. मग महिनाभर त्यांच्याकडे राहायला जायचं आणि सगळ्यांनी माझ्या ताटाकडे बघत जेवायचं. नको!

खालच्या मजल्यावरच्या बाई? आमचं नातं नळाच्या गळतीपुरतं. मैत्रिणी होत्या. इतक्यांदा "नंतर करते फोन" म्हटलंय की आता कुठल्या तोंडाने करू?

बराच वेळ फोन हातात धरून बसले. एवढ्या मोठ्या गावात माझं दार वाजवेल असं माणूस सापडेना, ह्याचीच लाज वाटली. आजाराची नाही वाटली इतकी.

शेवटी कामावरच्या दातांच्या लॅबचा नंबर दिला. "कामावरचे काका" असं नाव लावलं. तो फोन माझ्याच टेबलावर असतो, मीच उचलते. म्हणजे नियमही पाळला आणि कुणाला कळायची भीतीही नाही. सुटले एकदाची!

१३ मार्च, शुक्रवार

उशीनेही नंबर दिला. "शेजारच्या वहिनी, फार चांगल्या आहेत." मला हेवाच वाटला.

आता हजेरीच्या पलीकडेही आम्ही दोघी बोलतो. लिहूनच. तिला सकाळी पाय जमिनीवर टेकवणं सगळ्यात कठीण जातं, मला दात घासणं. दुसऱ्यांचे दात घडवते आणि स्वतःचे घासायचे जिवावर येतं! ती म्हणाली, "तू दात घासशील तेव्हा मी पाय टेकवते. आहे कबूल?" आज सकाळी बेसिनपाशी उभी राहून लिहिलं, "ब्रश हातात." तिकडून आलं, "एक पाय खाली." मग "दोन्ही."

आज तिची हजेरी — "भांडी घासली. डोंगर होता." एकट्या बाईची भांडी ती किती! आठवडाभर साठवली असणार, माझ्यासारखीच.

१६ मार्च, सोमवार

नाही.

१७ मार्च, मंगळवार

नाही. सगळं अंग शिशाचं झालंय. मालकांना पाठीचं कळवलं. लिहायलाही नको वाटतंय.

१९ मार्च, गुरुवार

काल काय झालं ते लिहून काढते, नाहीतर खरं वाटणार नाही.

काल हजेरी दिली नाही. फोन गादीखाली सरकवून पडून राहिले. ऊन भिंतीवरून सरकत होतं, तेवढंच बघत होते. मरायचं वगैरे मनात नव्हतं. पण उठायचंही नव्हतं, कशासाठीच नव्हतं, आणि हे असंच राहिलं तरी चालेल असं वाटत होतं. ते चालेल वाटणं वाईट.

दुपारी दार वाजलं. चादर डोक्यावर ओढली. परत वाजलं. मग जिन्यात आवाज घुमला, "मी आहे! पॉलिशवाला! उघड, नाहीतर मी इथंच बसतो!" सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं असणार.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला — मी अंथरुणात असले तर माझ्या टेबलावरचा फोन उचलणार कोण! वा रे माझी हुशारी!

उघडलं. काका दारात, कपडे पॉलिशच्या पांढऱ्या धुळीने भरलेले, हातात डबा. माझ्याकडे पाहिलं — केस, कपडे, खोली, सगळं. मी म्हटलं, "पाठ..." तर म्हणाले, "हां हां, पाठ."

आत आले. टेबलावरचं उष्टं बाजूला केलं, डबा उघडला. मेणातली कवळी, सुटे दात आणि मेण गरम करायचा छोटा दिवा. "एका म्हातारीची आहे. पुढचे सहा बसवायचेत, संध्याकाळी जायचीय. मी बसवले तर घोड्याचे होतात. तू बसव."

"काका, मला आज नाही जमणार."

"बरं. मी चहा करतो तोवर."

चहा केला. इतका वाईट की विचारता सोय नाही. माझ्यासमोर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. काही विचारलं नाही. तो माणूस नुसता बसला होता, भिंतीकडे बघत, जणू काही बस यायचीय. मग माझी मीच उठले. तोंड धुतलं. एक दात उचलला, बसवला. वाकडा झाला, काढला. सहाही बसवायला सगळी दुपार गेली. मधेच मला रडू फुटलं, तेव्हा काकांनी मेण गार होऊ नये म्हणून दिवा माझ्या बाजूला सरकवला.

जाताना म्हणाले, "एका बाईचा फोन होता. म्हणाली, उशी बोलतेय. मी म्हटलं असेल बुवा! म्हणाली, तिचं दार वाजवा, लगेच जा. मालकांना सांगितलं दात द्यायचेत आणि निघालो." मग जिन्यात दोन पायऱ्या उतरून परत वर आले. "तिला माझा नंबर दे. लॅबचा कशाला? लॅब सहाला बंद होते!"

हेही ओरडूनच!

२० मार्च, शुक्रवार

कामावर गेले. काकांनी मला जड डबा उचलू दिला.

२२ मार्च, रविवार

गटावर खरं सांगून टाकलं. कुणाचा नंबर दिला होता, का दिला, सगळं. सिस्टर आधी बरीच रागावली. मग म्हणाली, "अजून कुणी असली अक्कल चालवली असेल तर आज दुरुस्त करा. मी विचारणार नाही." खाली "दिसलं"ची रांग. उशीने काही लिहिलं नाही.

मनात पाल चुकचुकली. दुपारी तिच्या त्या शेजारच्या वहिनींना फोन लावला.

"हॅलो?"

बारीक, दबलेला आवाज. मी म्हटलं, "तुम्ही उशीच्या... म्हणजे तुमच्या शेजारी राहतात त्या..."

"अक्कलदाढ? मीच गं."

तिचाच दुसरा फोन! दोघी सारख्याच! आधी दोघी हसलो. ती हसताना तोंडावर हात धरत असावी, तसं ऐकू येत होतं. मग मी विचारलं, खरा नंबर दे. "दार वाजवेल असं कुणी नाही गं माझं." मी म्हटलं, माझंही नव्हतं, सापडलं. "तुझं वेगळं आहे," म्हणाली, आणि घाईने फोन ठेवला.

काय वेगळं? एकटी ती, एकटी मी. चिडले मी. माझ्यासाठी फोन करायला पुढे आली आणि स्वतःसाठी कुणी नाही म्हणते!

संध्याकाळी लिहिलं तिने. नुसता पत्ता. खाली — "ठेव तुझ्याकडे. पण यायचं नाही."

बघितलं, इथून सकाळच्या बसने जाऊन दुपारपर्यंत पोचता येईल असं गाव.

२५ मार्च, बुधवार

उशीची हजेरी रोज आखूड होत चाललीय. परवा "भाजी चिरली". काल "उठले". आज "नाही". सकाळी बेसिनपाशी उभी राहून "ब्रश हातात" लिहिलं, तिकडून पाय आला नाही.

सिस्टरशी बोलले. तिला म्हटलं, डॉक्टरकडे जाते का विचारू? म्हणाली, "तू जोडीदार आहेस, विचारू शकतेस." विचारलं. उशी म्हणाली, "गोळ्या संपल्यात. आणायला निघायचं तर कारण सांगावं लागतं." कुणाला सांगावं लागतं, असं मला तेव्हाच विचारायला हवं होतं का? मला वाटलं स्वतःच्या मनालाच म्हणत असेल. आम्ही तसंच बोलतो कधीकधी.

२७ मार्च, शुक्रवार

तिने लिहिलं, "तुझे काका मला फार आवडले." एवढंच. आज दिवसभरात एवढंच.

२८ मार्च, शनिवार

हजेरी नाही. दोन्ही फोन बंद.

दुपारनंतर मला बसवेना. काम हातातून पडायला लागलं. एक तयार कवळी खाली पडून तिचे तुकडे झाले, मालकांनी आकाशपाताळ एक केलं. काकांनी यंत्र बंद करून विचारलं, "ती उशी का?" मी मान हलवली.

गटावर सगळे लिहिताहेत — उशी, टिंब तरी दे. मला ते वाचवेना. तव्याच्या वेळी हेच चाललं होतं, अगदी हेच.

सिस्टरला पत्ता सांगितला. त्या गावात आपलं कुणीच नाही. ती म्हणाली, तिथल्या पोलीस चौकीला आत्ताच कळवते. तिने कळवलं. तासाभराने त्यांचं उत्तर — घर पाहिलं, घरात माणसं आहेत, सगळं ठीक आहे, काही तक्रार नाही.

घरात माणसं? पत्ता चुकला असणार त्यांचा! नाहीतर घरमालक असतील, वरच्या मजल्यावरचे कुणी असतील. ठीक आहे म्हणे! कुणी पाहिलं तिला? कुणी बोललं तिच्याशी? सिस्टरने परत फोन केला, तर "बाई, सांगितलं ना एकदा".

आता शेवटची बस निघून गेलीय. सकाळची पहिली पकडणार. मी! दहा दिवसांपूर्वी जिला पलंगावरून उठता येत नव्हतं ती. भीती वाटतेय, दार उघडलं नाही तर काय करायचं तेही माहीत नाही. कडी तोडायची कशी हे काकांना विचारलं. "तोडायची नाही. वाजवत राहायचं," म्हणाले. बसमध्ये माझ्याबरोबर यायला निघाले होते, मी नको म्हटलं. आता वाटतंय हो म्हणायला हवं होतं.

२९ मार्च, रविवार

बंद दाराची तयारी करून गेले होते. दार सताड उघडं! आत नवरा, सासू, दीर, दोन मुलं. टीव्ही चालू, सगळे जेवायला बसलेले. "कोण हवंय?" मला तिचं नावही माहीत नाही. म्हटलं, "घरातल्या बाई." सासू म्हणाली, "ती होय? आतल्या खोलीत. कालपासून दार लावून पडलीय, डोकं दुखतंय म्हणे. भूक लागली की येईल." आणि मुलाच्या ताटात भात वाढला.

त्या सगळ्यांच्या मधून गेले. आतलं दार वाजवलं. वाजवत राहिले. मग तोच फोनवरचा आवाज — "जेवा तुम्ही. मला नकोय."

मागे सगळं घर जेवायचं थांबून माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "अक्कलदाढ आहे. उघड."

कडी निघाली.